कव्हरवालीची परीक्षा

माझं टायरचं दुकान आणि तिचं सीट कव्हरचं दुकान यांच्यामध्ये एक भिंत आहे, तीही अर्धीच. त्यामुळे तिच्याकडे काय चाललंय हे मला विचारावं लागत नाही, आपोआप कानावर पडतं. शिलाई मशीन मध्येच थांबलं की ओळखावं, एक तर दोरा तुटला किंवा तिचा मोठा भाऊ आला.

गल्लीत सगळे तिला कव्हरवाली म्हणतात. दीड वर्षाची असताना ताप आला आणि जाताना दोन्ही पायांतली ताकद घेऊन गेला. "पाय आहेत, पण आमचं बोलणं नाही," असं ती स्वतःच सांगते. काखेत कुबड्या, पायांना लोखंडी पट्ट्यांचे बूट. खांदे मात्र असे, की रेक्झिनचा अख्खा गठ्ठा एका हाताने ओढून आणते. पंचवीस वर्षं ती गाड्यांच्या सीटा शिवते आहे. फोम कापायचा, वर रेक्झिन ताणायचं, कडेला किनार घालायची, मागून तारेने आवळायचं. काम झालं की कव्हर कुठे टोचत नाही ना हे बघायला ती स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर सरकून बसते, पाठ टेकते, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवते. एकदा एका गिऱ्हाइकाने गंमत केली, "बाई, एक चक्कर मारून येता का?" आणि स्वतःच खो खो हसला. त्या दिवशी दुपारपर्यंत मशीन सुरूच झालं नाही.

मग तिच्याकडे ती पांढरी गाडी आली. जुनी, पण गिअर बदलायची भानगड नसलेली, दोनच पेडलं. मालक सीटा शिवायला टाकून गेला आणि मुलाकडे परदेशी राहायलाच निघाला. कव्हरवालीने कोणालाही न विचारता गाडी घेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून डोकावून मला म्हणाली, "टायरवाले, पायांचं काम हाताने करायचं म्हटलं तर काय काय लागेल?"

मला वाटलं, शिलाई मशीनबद्दल विचारतेय. 

तीन महिने आम्ही त्या गाडीच्या मागे होतो. मी, ती आणि कोपऱ्यावरचा लेथवाला. चित्र तिचं, लोखंड त्याचं, शिव्या माझ्या. शेवटी स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला एक दांडा बसला. पुढे ढकलला की ब्रेक लागायचा, आपल्याकडे ओढला की गाडी वेग घ्यायची. उजव्या हाताने स्टीअरिंग फिरवता यावं म्हणून त्यावर एक लाकडी मूठ बसवली. पेडलांच्या पुढे पत्रा ठोकला, म्हणजे चुकून बूट त्यांत अडकायला नको. शिकाऊ लायसन्स तिला मिळालं, कारण त्यासाठी फक्त लेखी परीक्षा होती आणि कागदावर पाय दिसत नाहीत. 

खरी अडचण पक्क्या लायसन्सची. आमच्या इथल्या लायसन्स ऑफिसातल्या साहेबांनी तिच्या कुबड्यांकडे पाहिलं आणि अर्ज परत सरकवला.

"नियमात बसत नाही."

"कुठल्या नियमात?"

"बाई, तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"भलं माझं मी बघते, साहेब. तुम्ही नियम दाखवा."

नियम त्यांनी दाखवला नाही, म्हणून तिने मुख्य ऑफिसला पत्र घातलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. अशा बदल केलेल्या गाडीची आणि ती चालवणाऱ्याची परीक्षा मुख्य ऑफिसात घेतली जाते, गाडी घेऊन हजर राहावे. मुख्य ऑफिस किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सहाशे किलोमीटरवर. साहेबांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. इतक्या लांब कोण तडफडत जाणार, असा त्यांचा हिशेब. तो आमच्या गल्लीत चुकला.

आता तिच्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. शाळेत दोघी एका बाकावर. ती पुढे दवाखान्यात नर्स झाली, म्हणून आम्ही तिला सिस्टर म्हणतो. शिकाऊ माणसाने गाडी चालवायची तर शेजारी पक्कं लायसन्स असलेलं कोणीतरी बसावं लागतं आणि सिस्टरकडे ते होतं. "बावीस वर्षांपूर्वी काढलंय," ती म्हणाली. "गाडी चालवली अकरा वेळा. अकराही वेळा शेजारी नवरा ओरडत होता. मला रस्ता आठवत नाही, त्याचं ओरडणं पाठ आहे."

"तुला चालवायची नाहीच आहे. नुसतं बसायचंय."

"तेच तर कठीण," सिस्टर म्हणाली आणि दहा दिवसांची रजा टाकून आली.

दादाला हे कळलं तेव्हा मशीन थांबलं. दादा काही वाईट माणूस नाही. आईवडील लवकर गेले, त्याने हिला वाढवलं. नववीपर्यंत रोज खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वहिनीला सांगितलं, की बहीण आपल्याकडेच राहील आणि तो विषय तिथेच संपला. त्या दिवशी दुकानात येऊन तो म्हणाला, "गाडी ट्रकवर चढवून पाठवू. तू मागून बसने जा."

"परीक्षा चालवण्याची आहे दादा, ट्रकवर चढण्याची नाही."

"आणि वाटेत काही झालं म्हणजे? मी काय कमी केलं गं तुझ्यासाठी? कुठे जायचं म्हणालीस आणि नेलं नाही, असं झालंय कधी?"

"एकदाही नाही झालं." तिचा आवाज उतरला. "पण प्रत्येक वेळी आधी म्हणावं लागलं. पंचेचाळीस वर्षं झाली म्हणतेय."

दादा निघून गेला. पण निघायच्या सकाळी सात वाजता बघतो तर गाडीच्या पुढ्यात आडवी स्कूटर लावून, हाताची घडी घालून उभा. सगळी गल्ली दारात. सिस्टर तिच्या शेजारी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली, जणू पिशवीच ब्रेक आहे. कव्हरवालीने काच खाली केली.

"दादा, स्कूटर काढ. मी अजून शिकाऊ आहे."

"नाही काढत."

तिने इंजिन सुरू केलं. "मग तू तरी बाजूला हो. स्कूटर दुरुस्त होते."

दादाने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि स्कूटर काढली. गाडी माझ्या दुकानावरून पुढे गेली तेव्हा मी मागचं टायर बघत होतो, हवा बरोबर होती. दुसरं काय बघणार. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, संध्याकाळपर्यंत परत येतील. पुढचं सगळं त्या दोघींच्या तोंडून, आणि दोघी एकमेकींना खोडत सांगतात, त्यामुळे खरं असावं.

पहिला दिवस ती ताशी तीसच्या वर गेली नाही. मागून हॉर्न वाजत होते. डाव्या हाताला समुद्र. नारळाच्या रांगा, त्यांच्या मध्ये मासे वाळत टाकलेले, मग मिठागरं, मग पुन्हा नारळ. सिस्टर म्हणत होती, "अगं बघ तरी किती सुंदर आहे," आणि कव्हरवाली म्हणत होती, "तू बघ आणि मला सांग. मला फक्त तो ट्रक दिसतोय." दुपारी एका शहाळेवाल्यापाशी थांबल्या तेव्हा तिचा डावा हात दांड्यावरून सुटेना. बोटं तशीच वळलेली. सिस्टरने एकेक बोट सोडवून चोळून दिलं. शहाळेवाला आत डोकावला, त्याने कुबड्या पाहिल्या, पत्रा पाहिला, दांडा पाहिला. "कोण चालवतंय?" त्याने विचारलं. सिस्टरने मैत्रिणीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "मग हिला मोठं शहाळं देतो," आणि सिस्टरला लहान दिलं. सिस्टर हे अजून विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी खाडी आडवी आली. पूल नव्हता, गाड्या नेणारी सपाट बोट होती. दोन लोखंडी फळ्यांवरून गाडी बोटीवर चढवायची, फळ्यांच्या मध्ये खाली पाणी. बोटवाला अंगाने दांडगा, खिडकीशी येऊन म्हणाला, "उतरा ताई, मी चढवून देतो."

"मी चढवते."

"इथे रोज पुरुष घाबरतात. उतरा."

"बरं, चढवा," ती म्हणाली, सिस्टरला मागच्या सीटवर पाठवलं आणि दार उघडून बाजूच्या जागेवर सरकली. सिस्टर म्हणते, मला वाटलं दमली बिचारी. बोटवाला आत बसला. पाय खाली घातला तर पत्रा. वाकून बघितलं, पुन्हा पाय मारला, पुन्हा पत्रा. मागे चार गाड्या खोळंबलेल्या. दांडा दिसला, तो त्याने झटक्यात ओढला. गाडी ढांगभर उडाली तशी त्याने दोन्ही हात वर केले. तिने शेजारून दांडा पुढे ढकलून गाडी जागच्या जागी थांबवली.

"उतरा दादा," ती म्हणाली. "मी चढवून देते."

फळीवर चाकं चढली तेव्हा लोखंड असं करकरलं, की सिस्टरने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी बोटीवर, पुढच्या गाडीपासून वीतभर अंतरावर उभी होती. पलीकडच्या काठावर बोटवाल्याने सगळ्यांना थांबवून तिला आधी सोडलं.

त्याच दुपारी घात होता होता राहिला. डोंगराचा एक सुळका समुद्रात घुसलेला, रस्ता त्याला वळसा घालून खाली उतरत होता. अर्ध्या उतारावर तिने ब्रेकसाठी दांडा पुढे ढकलला आणि तो हातात सैल आला. दांडा आणि ब्रेक यांना जोडणारी खीळ निसटली होती. गाडी वेग घेऊ लागली. डावीकडे कठडा, त्यापलीकडे काही नाही. सिस्टरने किंकाळी फोडली. "मी नाही, ती ओरडली," असं सिस्टरचं म्हणणं. कव्हरवालीने हातब्रेक थोडा थोडा ओढत, गाडी उजवीकडे डोंगराच्या अंगाला दाबली. आरसा तुटला, दार खरवडत गेलं, आणि खाली जिथे वाऱ्याने रस्त्यावर वाळू आणून टाकली होती तिथे गाडी रुतून थांबली.

सिस्टर खाली उतरली, वाळूत बसली आणि ढसाढसा रडली. "पुरे झालं. माझी दोन मुलं आहेत. ट्रक बघू, दादाला फोन करू, परत जाऊ."

कव्हरवाली म्हणाली, "तू जा. खरंच जा, मला राग नाही येणार. मागच्या गावातून बस मिळेल."

"आणि तू?"

"मी खीळ शोधते."

कुबड्या बाहेर टाकून ती सीटवरून खाली घसरली, पाठीवर झोपली आणि डोकं दांड्याखाली घातलं. खीळ कुठली सापडायला. तेव्हा तिने पिशवीतून सीटा आवळायची जाड तार काढली, चार पदरी केली, भोकातून ओवली आणि पक्कडीने पिळली. तास लागला. ती बाहेर आली तेव्हा केसांत वाळू, गालाला ग्रीस. सिस्टर तिथेच बसलेली.

"बस चुकली का?"

"मी गेले तर तुझ्या शेजारी लायसन्स कोणाचं?" सिस्टर नाक पुसत म्हणाली. "पकडतील तुला. मूर्ख कुठली."

गावातल्या चार माणसांनी गाडी वाळूतून ढकलून दिली. पुढचा दीड दिवस ती वीसच्या वेगाने गेली, दर उताराआधी थांबून तार तपासत. पण गेली.

मुख्य ऑफिस बंदराच्या मागच्या बाजूला, तीन मजली. खिडकीवरच्या कारकुनाने सिस्टरलाच विचारलं, "यांना घेऊन कोण आलंय?"

"मला कोणी आणलेलं नाही," कव्हरवाली खिडकीत तोंड घालून म्हणाली. "ह्यांना मी आणलंय. सहाशे किलोमीटर."

डॉक्टरांच्या खोलीत तिला सांगितलं, पाय हलवून दाखवा. ती म्हणाली, "ते हलले असते तर मी तुमच्याकडे आले असते का?" मग आणखी दोन सह्या, एक शिक्का, जेवणाची सुट्टी. शेवटी आवारात परीक्षा घेणारे अधिकारी आले. साठीला टेकलेले, बुटके, तोंडावरची माशीही न हलणारे. कुबड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ गाडीत डोकं घातलं, दांडा हलवला, खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवला.

"ही तार कोणी लावली?"

"मी."

"गाडी नापास."

तिचा संताप उसळला. "साहेब, याच तारेवर मी दोनशे किलोमीटर आलेय!"

"नशिबाने आलात. नशिबाला मी लायसन्स देत नाही. ही तार तुटली तर तुमच्याबरोबर रस्त्यावरचा दुसराही मरेल. नीट बोल्ट लावून आणा, मग तुमचं बघू."

मग तिच्या लक्षात आलं. हा माणूस तिला नको म्हणत नव्हता, तारेला नको म्हणत होता. आणि तारेबद्दल त्याचं बरोबर होतं. ती आम्हाला सांगते, की सबंध प्रवासात तिला रडू आलं ते एकदाच, त्या क्षणी. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला दुसऱ्या कोणाही शिकाऊ माणसासारखं झापलं होतं.

बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात तिने जाड बोल्ट करून घेतला, दोन नटांचा, म्हणजे एक सैल झाला तरी दुसरा धरून ठेवेल. दुसऱ्या सकाळी खिडकी उघडायच्या आधी ती आवारात हजर. अधिकाऱ्यांनी बोल्ट पान्याने ताणून पाहिला, शेजारी बसले, पट्टा लावला.

चढावर थांबवून गाडी पुन्हा उचलली, मागे इंचभर सरकली नाही. मध्येच त्यांनी डॅशबोर्डवर फाईल आपटली, तशी तिने जागीच ब्रेक लावला. मग दोन खांबांमधून उलटी घ्यायची होती. डावा खांब पडला.

"आरशात बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे काय बघताय? पुन्हा."

"पुन्हा म्हणजे कधी यायचं?"

"यायचं कुठे? आत्ता. खांब उभा करतो मी."

साठीचा तो माणूस उतरला, खांब उभा केला, परत येऊन बसला. या वेळी ती आरशात बघत राहिली. गाडी खांबांमधून मागे गेली, दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. "पास. परतीच्या वाटेवर तो उजवा आरसा बदला."

येताना कायद्याला सिस्टरची गरज उरली नव्हती. त्यामुळे ती मागच्या सीटवर पाय पसरून झोपली आणि सगळा किनारा कव्हरवालीने एकटीने पाहिला. म्हणाली, समुद्र एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. जाताना मला तो फक्त रस्त्याची कड म्हणून माहीत होता.

ती परत आल्यावर गल्लीत जे काय व्हायचं ते झालं, लेथवाला नाचला, मी दार ठोकून सरळ करून दिलं. पण ती थांबली नाही. दुसऱ्याच सोमवारी आमच्या ऑफिसातल्या त्याच साहेबांपुढे जाऊन बसली. त्यांनी लायसन्स उलटसुलट पाहिलं. "झालं ना तुमचं? आता काय?"

"बाहेर बाकावर तिघे बसलेत. एकाला एक हात नाही, दोघांचे पाय माझ्यासारखे. त्यांचेही अर्ज तुम्ही परत केलेत. त्यांनाही सहाशे किलोमीटर पाठवणार, की इथे परीक्षा घेणार?"

"वर विचारावं लागेल."

"विचारा. मी बसते."

ती खरोखरच बसली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मांडीवर कव्हर घेऊन हाताने शिवत. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्यादेखत पत्र लिहिलं. उत्तर यायला पावणेदोन वर्षं लागली आणि मधल्या काळात ती तिघांपैकी दोघांना स्वतःच्या गाडीने मुख्य ऑफिसात घेऊन गेली. एक पास झाला, एक नापास. नापास झालेल्याला ती परतीच्या वाटेवर इतकी बोलली, की तो पुढच्या वेळी पास झाला. आता आमच्या ऑफिसात महिन्यातून एकदा अशी परीक्षा होते.

दादा मात्र सहा महिने तिच्याशी नीट बोलला नाही. जेवताना ताट सरकवायचा, एवढंच. पुढे वहिनीला पहाटे पोटात कळा सुरू झाल्या आणि दवाखान्यात न्यायला दादाची स्कूटर काय कामाची. कव्हरवालीने किल्ली घेतली. वहिनी बरी होऊन घरी आली, तरी दादाने गाडीचं कौतुक केलं नाही. अजूनही करत नाही. ती बाहेर निघाली की दारात येऊन उभा राहतो आणि काही ना काही खोट काढतो, हॉर्न बारीक आहे, काच पुसलेली नाही. ती म्हणते, "बरं दादा," आणि निघते. कुठे चाललीस हे तो विचारत नाही, आणि तीही सांगत नाही.